उशिराचं कारण

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाभोवती बसून सगळे मिळून अर्जवालीच्या मुलाचं नाव ठरवत होते, आणि तिला कुणी विचारतच नव्हतं. ती कुठं परगावी नव्हती हो. तिथंच बसली होती, हाताच्या अंतरावर, मांडीवर तेच मूल घेऊन.

मोठे दीर शाळेत मुख्याध्यापक. त्यांनी बत्तीस नावांची यादी टाइप करून आणली होती. "तीस वर्षं हजेरी घेतोय मी," ते म्हणाले. "कुठल्या नावाला पोरं हसतात ते मला विचारा." सासूबाईंनी चष्मा लावून त्यातल्या पाच नावांखाली रेघाही मारल्या होत्या. नवरा नेहमीप्रमाणे पेपरात डोकं खुपसून बसलेला.

"याचं नाव ठरलंय," अर्जवाली म्हणाली. "माझ्या बाबांचं."

"अगं, ते तू लाडानं म्हणतेस," सासूबाई म्हणाल्या. "कागदावर जरा बरं नको का? आणि माहेरचं नाव इथं कशाला? तुझे वडील भले माणूस होते, मी नाही म्हणत नाही. पण किती जुनाट ते! लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं नाव वाटतं."

"लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचंच आहे."

दीर हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण हीच ती माणसं. मूल सातव्या महिन्यात झालं, अकराशे ग्रॅमचं, आणि सत्तेचाळीस दिवस काचेच्या पेटीत होतं. तिसऱ्या दिवशी सासूबाई दवाखान्यात आल्या, पेटीकडे लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, "नावबिव ठेवू नकोस हं. उगाच माया लागते, मग जड जातं." दिरांनी फोनवर 'मन घट्ट कर' म्हणून सांगितलं आणि हात झटकले. त्यानंतर घरातलं कुणीही विचारायचं ते एवढंच, 'ते कसं आहे?' ते! अरे, दारात आलेल्या मांजरालासुद्धा लोक काहीतरी नाव देतात.

नाव विचारलं ते नर्सनं. "नुसत्या बघत काय बसलात?" ती खेकसलीच एकदा. "हाक मारा त्याला. काय म्हणायचं याला?"

आणि अर्जवालीच्या तोंडून बाबांचं नाव निघून गेलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की बाबा आधी हत्यारं काढायचे नाहीत. फटीला तोंड लावून आतल्या माणसाला त्याचं नाव विचारायचे, आणि मग दार उघडेपर्यंत त्याला नावानं हाका मारत राहायचे. नावानं बोलावलं की माणूस आत धीर धरतो, असं त्यांचं म्हणणं. ती तेच करत बसली. पेटीला हात जाण्यापुरतं भोक होतं, त्यातून हात घालायचा, एक बोट त्या एवढ्याशा मुठीत द्यायचं आणि हाका मारायच्या. नर्सनं चिकटपट्टीवर ते नाव लिहून पेटीला लावलं. मग पाळी कुणाचीही असो, त्या खोलीतली प्रत्येक बाई त्याला त्याच नावानं ओरडायची, दूध प्यायला नाही की रागवायची. सत्तेचाळीस दिवस. आणि आता पोरगं घरी येऊन गुटगुटीत दिसायला लागलं, तर हे यादी टाइप करून आले.

"अर्ज आत्ताच भरते," ती उठली. "म्हणजे वाद मिटला."

नोंदणी कचेरीच्या बाहेर टेबल टाकून अकरा वर्षं ती लोकांचे अर्ज लिहून देत आली होती. म्हणून तर सगळे तिला अर्जवाली म्हणायचे. मुलाच्या जन्माची नोंद नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात केली होती, निदान तो तसं म्हणाला होता. आता फक्त नाव भरायचं बाकी. तिनं कपाटातून फाइल काढली. दवाखान्यानं दिलेली जन्माची चिठ्ठी जशीच्या तशी घडी घालून आत होती. ना शिक्का, ना नंबर.

तिनं ती नवऱ्यासमोर ठेवली. "हे काय? तू नोंद केली होतीस ना?"

तो चिठ्ठीकडेच बघत राहिला. "आई म्हणाली होती, थांब म्हणून."

"कशासाठी?"

"म्हणाली, दोन दोनदा कचेरीत कशाला खेटे घालतोस? काय ते एकदाच..." पुढचं त्याच्या तोंडून निघेना.

निघायची गरजही नव्हती. जन्माचा कागद आणि मरणाचा कागद, एका फेरीत. ती तिकडं हाका मारत होती आणि इकडं हे फेरी वाचवत होते.

"मी काय वाईट चिंतलं का गं?" सासूबाईंचा आवाज चढला. "डॉक्टरच धड सांगत नव्हते! माझ्या पोराची दगदग वाचावी म्हणून बोलले मी."

"आई, आता एक शब्द बोलू नका." लग्नानंतरच्या नऊ वर्षांत असं ती पहिल्यांदाच बोलली.

मूल नवऱ्याच्या हातात देऊन तिनं उशिरा नोंदणीचा अर्ज काढला. मुलाचं नाव लिहिलं, बाबांचं, ठसठशीत अक्षरात. मग तो रकाना आला, उशिराचं कारण. या रकान्यात कुणीही खरं लिहीत नाही. तिनं स्वतः हजारो अर्जांत तिथं 'अपरिहार्य कारणामुळे' असं लिहिलं होतं. आज तिनं लिहिलं, 'मूल जगेल असं घरातल्यांना वाटलं नाही, म्हणून.'

दिरांनी वाकून वाचलं. "छे छे! असं लिहितात का कुठं? अपरिहार्य कारणामुळे, असं लिही."

"ते मी गिऱ्हाइकांसाठी लिहिते."

"अगं पण चारचौघांत..." दिरांनी आवाज खाली आणला. "हे बघ, नाव तुझंच राहू दे. यादी मी खिशात घालतो. तेवढं कारण खोड. झालं?"

"नाव काय तुम्ही देताय मला?" ती ओरडलीच. "ते त्याचं आहे!" ती नवऱ्याकडे आणि सासूबाईंकडे वळली. "सही करा दोघं. घरातल्या दोन मोठ्या माणसांची लागते."

नवऱ्यानं केली. खाली मान घालून केली, पण केली. सासूबाईंनी मुलाकडे बघितलं, दिरांकडे बघितलं. एक कागद तर आहे, फाइलमध्ये जाऊन पडेल, कोण वाचतंय, असं त्यांच्या मनात आलं असणार. त्यांनीही केली.

कचेरीची एक रीत होती आणि ती अर्जवालीनं घरी मुद्दामच सांगितली नाही. उशिराचा अर्ज असला की कारकून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचतो आणि सही करणाऱ्यांना उभं करून विचारतो.

सोमवारी हॉल खचाखच भरलेला. खिडकीतल्या कारकुनाचा आवाज आधीच खणखणीत, त्यात त्याला कमी ऐकू यायचं. त्यानं नाव वाचलं, तारीख वाचली. कारण वाचता वाचता तो मध्येच थांबला, चष्म्यावरून अर्जवालीकडे बघितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बाकावरची कुजबुज थांबली.

"हे खरं आहे का?" त्यानं विचारलं.

"हो," नवरा म्हणाला.

"आजी, तुम्ही?"

सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. काहीतरी पुटपुटल्या.

"ऐकू येत नाही. मोठ्यानं सांगा."

"खरं आहे!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला.

"मुलाचं नाव काय? तुमच्या तोंडून सांगा. लिहिलंय ते बरोबर आहे का, बघायला लागतं."

अर्जवाली गप्प उभी राहिली. मुलाला थोपटायचंसुद्धा ती थांबली. सासूबाईंनी एकदा वळून तिच्याकडे बघितलं, सुटका होईल या आशेनं. तिनं ती केली नाही.

मग सासूबाईंनी ते नाव घेतलं. स्पष्ट घेतलं, आख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं.

आणि अर्जवालीच्या खांद्यावरचं पोरगं, सत्तेचाळीस दिवस परक्या बायकांच्या तोंडून तीच हाक ऐकलेलं, मान वळवून सासूबाईंकडे बघायला लागलं. एवढीशी मान, लटपटणारी. पण वळवली. सासूबाई बाकावर बसल्या आणि तोंड झाकून रडू लागल्या.

अर्जवालीचा राग काही गेला नव्हता. तो इतक्यात जाणारही नव्हता. तिनं शिक्का नीट उमटलाय ना ते बघितलं, पावती घेतली आणि मुलाला नवऱ्याकडे दिलं.

"घे याला," ती म्हणाली. "आणि हाक मार. तुझी अजून राहिलीय."