मागच्या तीन खोल्या

साहेबांना या प्रकरणात काय मिळणार होतं, ते आधी पाहू. दोन बाजूंना खिडक्या असलेली कोपऱ्यातली खोली. त्या खोलीच्या दारात बसणारा एक माणूस, जो येणाऱ्याला "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं न अडखळता खोटं सांगेल. आणि सासूबाईंचं तोंड बंद. त्या दर भेटीत "अजून त्याच टेबलावर का हो?" असं इतक्या मायेनं विचारायच्या, की चिडायचीही सोय नसायची.

बदल्यात फार काही करायचं नव्हतं. शहरातल्या सरकारी शाळांतली मुलं कमी होत चालली होती. शिक्षण खात्यानं ठरवलं होतं, की अर्ध्या रिकाम्या शाळा बंद करायच्या आणि तिथली मुलं शेजारच्या शाळेत पाठवायची. जो अधिकारी आपल्या भागात हे काम गाजावाजा न होता उरकेल, त्याचं नाव वर जाणार. साहेबांच्या भागातून तीन शाळा हव्या होत्या. दोन सहज सापडल्या. तिसरी म्हणून एकच शाळा काठावर होती, आणि तिथे त्यांची थोरली बहीण मुख्याध्यापिका होती.

आई कारखान्यात पाळीला जायची, तेव्हा याच बहिणीनं त्यांना बटणं लावून, नाक पुसून, याच शाळेत आणून सोडलं होतं. ती शेजारच्या वर्गात बसायची. धाकट्याचं रडं ऐकू आलं की मधल्या भिंतीवर टकटक करायची. मग तो गप्प व्हायचा.

आता शाळा अर्धी रिकामी आहे हे ठरवायचं कसं, तर खात्यानं त्याची एक रीत काढली होती. वापरण्याजोग्या खोल्या मोजायच्या, त्यांत किती मुलं मावतील ते धरायचं, आणि प्रत्यक्षात किती आहेत ते पाहायचं. गळकी, कुलूपबंद खोली मोजायची नाही, म्हणजे खोल्या जितक्या कमी, तितकी शाळा भरलेली दिसणार. ही रीत शाळांना मात्र कळवली नव्हती. "कळवलं तर उद्या सगळे मुख्याध्यापक खोल्यांना कुलपं ठोकतील," असं बैठकीत म्हणालं कोण, तर आपले साहेबच. वरिष्ठ हसले होते. ते हसू साहेबांना बरेच दिवस पुरलं.

ताईच्या शाळेतल्या मागच्या तीन खोल्या गळत होत्या म्हणून कित्येक वर्षं बंद होत्या. त्या तशाच राहिल्या असत्या, तर शाळा वाचत होती.

तपासणीच्या आधीच्या रविवारी ताई भावाकडे आली. साहेबांच्या बायकोनं चहा ठेवला.

"समिती येतेय म्हणे आमच्याकडे," ताई म्हणाली.

"येतेय. मी नुसता सोबत."

"म्हणजे शेपूट. लहानपणापासून तेच काम तुझं." ती हसली. "बरं, ऐक. मागच्या तिन्ही खोल्या उघडल्यात मी. छप्पर ओळखीच्या गवंड्याकडून नीट करून घेतलं. आमच्या शिपाई मावशींनी सगळी सुट्टी रंग देण्यात घालवली. पिवळा. त्यांच्या नातीनं निवडलाय, चिमणीनं. दुसरीत आहे, पण मुकादमासारखी उभी राहून करून घेतलं हो तिनं. समितीला शाळा मोडकळीला आलेली दिसायला नको, काय? मोडकी दिसली की बंद करायला बरं पडतं तुम्हा लोकांना."

साहेबांनी कप तोंडाला लावलेला होता. अशा वेळी कप फार कामाला येतो. त्यामागे अर्धा चेहरा लपतो आणि गिळण्याचं निमित्तही मिळतं. एक वाक्य बोललं तर शाळा राहत होती, नाही बोललं तर खिडक्या मिळत होत्या.

"गप्प का रे?"

"चांगलं केलंस," साहेब म्हणाले.

समिती आली. मागच्या खोल्यांत ऊन आलं होतं. ताईनं तिथे वाचनाची खोली केली होती, खाली चटया आणि कडेला पुस्तकं. चिमणीनं एक धडा मोठ्यानं वाचून दाखवला. मध्ये अडली तेव्हा तिनं ताईकडे न बघता समितीच्या अध्यक्षांकडे बघितलं, जणू चूक त्यांची होती. अध्यक्ष म्हणाले, "वा, किती हवेशीर खोल्या." एकानं मापाची फीत काढून भिंतीला लावली.

मावशी दाराशी उभ्या होत्या. फीत पाहून त्यांचा चेहरा उजळला. "बाई, बाकं येणार वाटतं," त्या ताईच्या कानाशी म्हणाल्या, आणि मग राहवलं नाही म्हणून साहेबांनाच विचारलं, "साहेब, दार लहान नाही ना पडणार? बाकं आत जातील ना?"

"जातील," साहेब म्हणाले. ते खोटं नव्हतं.

निर्णय कळला तेव्हा ताई भावाच्या कचेरीत आली. समोरच्या खुर्चीत बसली नाही.

"खोल्या बंद असत्या तर?"

"तर राहिली असती शाळा."

"तुला हे त्या रविवारी माहीत होतं?"

"ताई, नियमच तसा होता. शाळांना सांगायचं नव्हतं."

"शाळेला कुठे सांगायचं होतं? मला सांगायचं होतं." तिचा आवाज चढला नाही. "तेही राहू दे. नुसतं म्हणायचंस, ताई, रंग नको लावूस. का म्हणून विचारलं नसतं मी. तू भिंतीपलीकडे रडायचास, तेव्हा मी काय विचारायची का, का रडतोस म्हणून?"

साहेबांनी टेबलावरची घंटी वाजवली आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत ताई निघून गेली होती.

नवी शाळा हमरस्त्यापलीकडे होती. बहुतेक मुलं गेली. ज्यांना हात धरून रस्ता ओलांडून देणारं कुणी होतं, ती गेली. मावशींची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली. चिमणीची आई पहाटे कामावर जायची, बाप गावोगाव गाडी घेऊन फिरायचा, आणि घरात धाकटा भाऊ होता. नव्या शाळेतल्या बाई एकदा, चिमणी का येत नाही, ते विचारायला येऊन गेल्या. "पुढच्या वर्षी बघू," आई म्हणाली.

रिकाम्या इमारतीत खात्यानं बंद शाळांचं सामान ठेवायचं ठरवलं. ते ताब्यात घ्यायला साहेब स्वतः गेले. हमाल मोडकी बाकं मागच्या पिवळ्या खोल्यांत रचत होते. दार लहान पडलं नाही.

फाटकाशी चिमणी उभी होती, कडेवर भाऊ. तिनं साहेबांना लगेच ओळखलं.

"बाकं आली ना?" ती म्हणाली. "मग शाळा कधी?"

या वेळी साहेबांच्या हातात कप नव्हता. ते गाडीत बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल."

तर शेवटचा हिशेब असा. साहेबांना खोली मिळाली, खिडक्या मिळाल्या, दारातला माणूस मिळाला, सासूबाई आता "बंगला कधी?" असं विचारतात. खात्याच्या तीन शाळा कमी झाल्या. मावशींची एक सुट्टी आणि रंग देता देता उजवा खांदा गेला. हात अजून वर जात नाही. ताईचा भाऊ गेला. ती येते, पण त्याला "साहेब" म्हणते आणि चहा नको म्हणते. बाकी राहिलेलं सगळं चिमणीनं भरलं. दुसरीचं पुस्तक तिच्याजवळच आहे. शाळा बंद होईपर्यंत शिकवलेले, अर्ध्यापर्यंतचे धडे ती भावाला वाचून दाखवते. तिथे पोचली की पुन्हा पहिल्या पानावर येते.