बाईंची भाची

रामनाथ दाराकडे वळून बाहेर उभ्या आपल्या मुलीला काही सांगत होता, तेवढ्यात मथुराने कपाळावरची टिकली काढली आणि टेबलाच्या कडेखाली चिकटवून टाकली. ती खोलीत पाऊल टाकते न टाकते तोच तुस्कानो बाईंनी तिच्याकडे हात करून म्हटलं होतं,

"ही बघा, आलीच. माझी भाची, विनी."

मथुरा ही निर्मळच्या दयाराम बागायतदाराची मुलगी. तुस्कानो बाई ख्रिस्ती; त्यांची भाची व्हायचं तर तिला नाव, आईबाप आणि देव असं सगळं एका दमात बदलावं लागणार होतं. त्यातलं जेवढं हाताशी होतं तेवढं तिने उरकलं.

खरं तर ती आली होती बाईंचे आभार मानायला. पिशवीत आईने केळी वाळवून केलेल्या सुकेळ्यांचा पुडा होता आणि तोंडात अंधेरीच्या कारखान्यातून घोटून आणलेलं एक वाक्य. नऊ वर्षं ते बोलायचं राहून गेलं होतं. आजही राहणार, अशी लक्षणं दिसत होती.

शाळेत बाईंना सगळे 'करिअर मास्तर' म्हणत. सरकारी प्रशिक्षणाच्या कागदावर तसंच छापलं होतं, आणि कागदाला बाई काय नि पुरुष काय. त्यांची खोली म्हणजे प्रयोगशाळेमागची अडगळ. तिथे एक फुटका पृथ्वीगोल, माहितीपत्रकांचं कपाट आणि एक भोकाभोकांची लाकडी फळी. मुलांनी त्या भोकांत बारीक खिळे खोवायचे, बाईंनी घड्याळ लावून बसायचं. ज्याचा हात चपळ त्याला तसं काम सुचवायचं.

मथुराचा हात मोगरा खुडून तयार झालेला. ती इतक्या अलगद खुडायची, की आपण तुटलो हे कळीला दादरच्या बाजारात उतरल्यावर समजायचं. तिने फळी भरली तेव्हा बाईंना वाटलं घड्याळ बंद पडलं. मुख्याध्यापकांच्या मनगटावरचं काढून आणलं. तेही बंद पडलं.

पण दयाराम आयटीआयच्या फॉर्मवर सही करीना. हे हात वाडीचे आहेत, म्हणाला. मग एका सकाळी बाई सायकल दामटत वाडीत आल्या, रहाटाजवळ बसल्या, आणि तिथे विनीचा जन्म झाला. भाची विनी कारखान्यात भिंगाखाली केसाएवढ्या तारा जोडते. तिने बापाच्या विहिरीवर विजेचा पंप बसवला. पंपापाशी दयाराम विरघळला. विनी नावाचं कुणी नाहीच, हे मथुराला पुढे कळलं, बाई एकुलत्या एक आहेत हे समजलं तेव्हा.

आता समोर बसला होता राजोडीचा रामनाथ. दाराबाहेर त्याची सुभद्रा उभी, हातात आयटीआयचा फॉर्म. भरायचा आज शेवटचा दिवस होता.

"विनीचं सांगत होते ना," बाई म्हणाल्या.

नऊ वर्षांत विनी बरीच पुढे गेली होती. एका जपानी साहेबाचं बिघडलेलं यंत्र तिने डोळे मिटून जोडलं होतं. साहेब तिच्या बोटांचा फोटो घेऊन मायदेशी गेला होता. मथुरा गंभीर चेहऱ्याने ऐकत होती. मग बाई म्हणाल्या, विनीने धाकट्या भावाला शिकवलं, बापाच्या डोळ्यांचं ऑपरेशन करवलं. मथुराची मान खाली गेली. ते तिनेच बाईंना पत्रात कळवलेलं होतं. आता दयारामच्या विहिरीवर पंपसुद्धा होता.

"पोरगी येकटी जानार, येकटी येनार," रामनाथ म्हणाला. "लोकं बोलतील."

"विनी, सांग गं यांना."

"वर्षभर बोलतात, काका. मग आपल्या मुलींचे फॉर्म घेऊन विचारायला येतात."

रामनाथ हसला नाही. "आनि तुझा बाप? त्याला हात कमी नाय पडला?"

याचं उत्तर घोटलेलं नव्हतं.

"पडला. पहिल्या उन्हाळ्यात निम्मा मोगरा झाडावरच फुलून गेला. बाबा एकटेच खुडत होते. तरी मला बोलावलं नाही."

बाईंनी चमकून पाहिलं. विनीच्या बापाकडे आजवर मोगरा नव्हता.

रामनाथ दाराकडे वळला. मग म्हणाला, "आन गो सुभद्रा, तो कागद." डाव्या हाताने टेबलाची कड धरून त्याने एकेक अक्षर रोवत सही केली. सुभद्रा फॉर्म घेऊन ऑफिसकडे अशी सुटली, की ती अर्ध्या वाटेवर पोचली तेव्हा कुठे तिची सावली दारातून निघाली.

तो उठला आणि बोटाकडे बघत थांबला. बोटाला मखमली टिकली चिकटली होती.

"दयारामची ना तू?"

मथुराने बाईंकडे पाहिलं. बाई पृथ्वीगोलावरची धूळ पुसू लागल्या.

"आल्याबरोबर वळखली मी. बापाचंच नाक हाय." त्याने टिकली अलगद टेबलावर ठेवली. "तू गेलीस त्या साली निर्मळच्या जत्रेत मी त्याला भर लोकांत हसलो होतो. पोरीला धाडलीन नि आता सोता बायकांसारखा कळ्या खुडत बसतो, म्हनून. येक शब्द उलटा बोलला नाय."

तो दारापर्यंत गेला आणि तिथूनच वळला.

"त्याला सांग, रामनाथने सही केली. माझ्या तोंडून नाय व्हायचं."

तो गेला. मथुराने टिकली उचलली, अंदाजाने कपाळावर लावली. ती थोडी तिरकी बसली. पुडा टेबलावर ठेवून ती घोटलेलं वाक्य आठवू लागली.

"बोल ना," बाई म्हणाल्या. "काहीतरी बोलायचं होतं तुला."

"हो, बाई." ती जरा थांबली. "विनीचा बाप आता मोगरा लावतो. तेवढं लक्षात असू द्या."

बाईंनी पुडा सोडला, एक सुकेळं तोंडात टाकलं, आणि कपाटातून जुनी वही काढून तेवढं लिहून घेतलं.