उलटा फोन

दिव्यानीचे फोन सुरू व्हायचे ते लेकीला न्हाऊमाखू घालून पाळण्यात टाकलं की. जणू सावली, नागभीड, पार आरमोरीपलीकडच्या धानवाल्यांना कुणी सांगून ठेवलं होतं, पोरगी आत्ताच झोपली, लावा आता. कानात वायर खुपसून, पायाच्या अंगठ्यात पाळण्याची दोरी अडकवून ती हळू आवाजात "नमस्कार" म्हणायची. पलीकडची तक्रार तिला आधीच पाठ असायची.

"बाई, हे तुमची नवी पेटी मुकी आहे."

पेटी म्हणजे शेतातल्या मोटारीला जोडायचा मोबाईल स्टार्टर. आत एक सिमकार्ड. घरी बसून पेटीच्या नंबरावर मिस कॉल दिला की तिकडे बांधीत, धानाच्या खाचरात, मोटार सुरू. पुन्हा दिला की बंद. जंगलाला लागून धान करणाऱ्याला हे वरदानच, कारण विजेची लाईन येते सरकारच्या मर्जीने आणि वाघ येतो त्याच्या मर्जीने, आणि दोघांच्याही येण्याच्या वेळा बहुतेक अंधाराच्याच. जुनी पेटी मोटार सुरू झाली की उलटा फोन करायची. आतली बाई गोड आवाजात सांगायची, "मोटार चालू झाली." नव्या पेटीत ही बाई नव्हती. त्याऐवजी मोबाईलच्या ॲपवर ठिपका दिसायचा, चालू असली तर हिरवा, बंद असली तर लाल. पण ॲप मोठ्या फोनवर, आणि तक्रार करणाऱ्यांतल्या कितीतरी जणांकडे बटनाचा फोन.

यावर काय बोलायचं ते पेटीच्या कंपनीतल्या, नागपूरच्या प्रणित सरांनी शिकवलं होतं. नाही म्हणायचं नाही. "ती सुविधा लवकरच येत आहे," म्हणायचं. दिव्यानीला घरी बसून हे काम मिळालं तेच मुळी तिला झाडीची बोली येते म्हणून. सर म्हणाले होते, "लोक तुझ्याशी भांडणार नाहीत."

गोविंदाभाऊ भांडला नाही. तो आरमोरीपलीकडचा. गावतलावात जाळं टाकायचा आणि जंगलाच्या कडेच्या बांधीत उन्हाळी धान करायचा.

"बाई, ते मोटारवाली कुठी गेली जी?"

"कोण मोटारवाली, भाऊ?"

"अवो ते, फोन करे न! 'मोटार चालू झाली' म्हने. बिमार आहे का?"

दिव्यानीला हसू आलं. "नाही हो भाऊ. नव्या पेटीत ती नाही. ॲप आहे."

"म्हंजे कामावरून काढलं म्हना बिचारीले. गुनाची होती. माहीवाली त जळे तिच्यावर."

मागून बायकी आवाज आला, "जळते माही चप्पल! एक त मोटारीवाचून दुसरी कोनी फोन करत नाई यायले."

तिघंही हसले. मग गोविंदाभाऊचा आवाज खाली आला. रात्री मिस कॉल दिला, निजला. सकाळी वाघाच्या धाकाने चार जणांबरोबर बोंबलत-ओरडत बांधीवर गेला तर जमीन कोरडी ठाक. मोटार सुरू झालीच नव्हती. "धान गर्भात आहे बाई. पोटुशी बाईले कोनी उपाशी ठेवते का?"

हे वाक्य तिच्या काळजात जाऊन बसलं. तिचं स्वतःचं बाळंतपण अजून अंगातून पुरतं उतरलं नव्हतं. तिने प्रणित सरांना फोन लावला. ही तक्रार रोज येते, सर. उलटा फोन परत द्या.

"त्याला खर्च आहे, दिव्यानी. आणि बटनफोनवाला आपला पुढचा ग्राहकच नाही."

"पेटी तर त्यांनीच घेतलीय, सर."

"पुढच्या अपडेटला बघू."

दुपारी नवरा, धनराज, राइस मिलमधून जेवायला आला तेव्हा ती याच विचारात होती. त्याने भाताचा घास कालवत सहज म्हटलं, "आमच्या मिलमधी हरेक मोटारीवर लाईट रायते. लागला का समजाचं, मोटार चालू आहे. बल्ब लावाले सांग न मोटारीवर."

घास तिच्या हातातच राहिला. एवढं सोपं! तिने तेव्हाच गोविंदाभाऊला फोन लावला. गावातल्या वायरमनला सांगा, मोटारीच्या वायरीवर बल्ब जोडून द्यायला. उंच बांबूवर टांगा, घरून दिसेल असा. मोटार सुरू झाली की पेटेल. बल्ब नाही दिसला तर समजायचं, मोटार बंद.

दुसऱ्या दिवशी तोच ओरडत फोनवर आला. "बाई, पेटला! आंगनातूनच दिसते. माही गोकुळा म्हनते, चांदनी उतरली बांधीत!"

त्या दिवशी दिव्यानी लेकीला छातीशी धरून घरभर नाचली. सासू, मीराबाई, म्हणाली, "का वं, लॉटरी लागली का?" तसंच काहीसं झालं होतं. कुणाचं तरी काम झालं होतं, आणि ते तिच्यामुळे. मग नंतरच्या फोनवाल्यांनाही ती बल्ब सांगू लागली. सरांना कळवलं नाही. गावोगाव बांबू उभे राहिले. "बल्बवाली बाई तूच का?" असं विचारतच लोक फोन करायला लागले.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नाही, धनराजच्या नाही आणि गोविंदाभाऊच्याही नाही. घरातला बल्ब गेला तर माणूस म्हणतो, बल्ब गेला. बांधीतला बल्ब गेला तर कुणीच तसं म्हणणार नव्हतं.

त्या सकाळी लेकीला दात येत असल्यामुळे कणकण होती. पाळण्यात ठेवली की रडायची, म्हणून दिव्यानी तिला पदराखाली घेऊनच बसली होती. फोनवर गोविंदाभाऊचं नाव दिसलं.

"बोला भाऊ! निसवला का धान? लोंब्या आल्या?"

पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, अगदी कोरडा. "मोटार बंद कशी कराव?"

"गोकुळाबाई का? भाऊ कुठे आहेत?"

"पानी धुऱ्यावरून वाहून राह्यलं म्हनते. जंगलवाले साहेब कोनाले जाऊ देत नाई तिकडे. कशी बंद कराव ते सांग."

"भाऊंना द्या न फोन."

"तुहा भाऊ नाई आता."

दिव्यानीला आधी ते समजलंच नाही. मग गोकुळा सांगत गेली, जसं कुणी दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं. काल दिवेलागणीला त्याने मिस कॉल दिला. बल्ब पेटला. चहा पिऊन पाहतो तर बल्ब दिसेना. पुन्हा मिस कॉल द्यायला निघाला, तर ती म्हणाली, चालू असंन त बंद होईन. तो म्हणाला, बंदच आहे, दिसत नाई का तुले. जाऊन पाहतो, आलोच. अजून उजेड होता थोडा. हातात काठी होती, टॉर्च होता. लोक मागून गेले ओरडत, डबे वाजवत. टॉर्च धुऱ्यावर, बांधीच्या बांधावर, पेटलेलाच पडला होता. तो तिथून आत जंगलात सापडला, मोहाच्या झाडाखाली.

"आन मोटार चालू होती," गोकुळा म्हणाली. "चालूच होती वं बाई. बल्ब तेवढा गेला होता."

पदराखालची पोरगी दूध सोडून रडू लागली. मीराबाई आतून आली आणि काही न विचारता पोरीला उचलून घेऊन गेली. दिव्यानीच्या छातीतून दूध वाहत होतं.

नवी पेटी आली तेव्हा, बल्बाआधी, गोविंदाभाऊला काही कळायचं नाही. कळायचं नाही म्हणून तो अंगणात बसून राहायचा आणि सकाळी चार जणांसंगं जायचा. बल्ब दिसू लागला आणि बसून राहणं संपलं.

"बाई, आहेस का?"

"आहे." तिला स्वतःचा आवाज परका वाटला. "जवळ कोणी आहे? नंबर लावता येणारं?"

शेजारची रिंकू होती, कॉलेजला जाणारी. तिने फोन घेतला. 'मोटार' नावाने ठेवलेला नंबर लाव, एक घंटी वाजली की काप, मग मला लाव. रिंकूने तसं केलं.

"झाली का बंद, ताई?"

पेटी काही सांगत नव्हती. दिव्यानी तरी काय सांगणार होती? घंटी नीट गेली नसेल तर मोटार अजून चालूच असेल. पुन्हा लावावी, तर बंद झालेली सुरू व्हायची. कुणाला तरी बघायला जावं लागेल, असं तिच्या मनात आलं आणि ती दचकली.

मग ते तिला सुचलं. तिने स्वतःच्या मोबाईलवर ॲप उघडलं, गोविंदाभाऊचा नंबर टाकला. "रिंकू, आता फोनवर आकडे येतील, ते वाच मला." रिंकूने वाचले. ॲपमध्ये गोविंदाभाऊची मोटार उघडली. लाल ठिपका.

"बंद झाली."

"तुमाले दिसते तिथून?" रिंकूने विचारलं.

दिसत होतं. दूर सावली गावातल्या तिच्या घरात, पाळण्याजवळ बसून दिसत होतं. ग्राहकाची पेटी कामगाराने आपल्या फोनवर उघडायची नाही असा कंपनीचा नियम, म्हणून इतके दिवस तिच्या मनातही आलं नव्हतं. काल दिवेलागणीला तिच्याकडे हा ठिपका असता, तर एक फोन, तीन शब्द. ती तोंडात पदर कोंबून रडली.

प्रणित सरांना तिने सगळं सांगितलं. बल्बासकट.

सरांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या डोक्यावरही कुणी होतं. "ती जोडणी तू सुचवलीस हे कुणाला माहिती आहे?"

"सगळ्यांना, सर."

"यापुढे बोलू नकोस. आपली पेटी तर चालूच होती ना? मग पेटीची तक्रार होत नाही ही."

त्याच दिवशी तिने बल्ब सांगितलेल्या एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. बल्ब विझला तरी मोटार चालू असू शकते, जाऊ नका. कुणी ऐकून घेतलं, कुणी गोविंदाची बातमी आधीच ऐकली होती. नागभीडकडचा लच्छू भडकला. "तूच लावाले लावला, आता तूच म्हनते भरवसा नोका ठेवू. मंग आमी का कराव? आरती ओवाळाव का बल्बाची?"

"अंधारात जाऊ नका, एवढंच, भाऊ."

"अंधारात कोनाले जा वाटते वं? धान जाऊ देत नाई घरी बसू." मग त्याचाच आवाज उतरला. "बरं. पाह्यतो."

सगळ्यांच्या पेट्या ती आपल्या फोनवर घेऊ शकत नव्हती. ॲप एका वेळी एकच मोटार दाखवायचं. ठेवली ती एकच.

तेरवी झाल्यावर तिने गोकुळाला फोन केला. काय बोलायचं ते दिवसभर जुळवत होती, आणि ऐन वेळी सरळच बोलली. "बाई, तो बल्ब मी सांगितला होता."

"माईत आहे." गोकुळा म्हणाली. "रोज पाहे तो. पेटला का म्हने, फोनवाली पोरगी हुशार आहे."

याहून शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"धानाचं काय करता आता?"

"सोड म्हनते लोकं. कशी सोडू? निसवला न. लेकी आपापल्या घरी गेल्या, त्यायले धान दिसत नाई, मले दिसते." रिंकूने तिला मिस कॉल द्यायला शिकवलं होतं. "देतो मी घंटी. पन समजत नाई."

"मी सांगीन," दिव्यानी म्हणाली. "तुम्ही घंटी दिली की मी उलटा फोन करीन. रोज. अंगणातून हलू नका."

आता लाईनीची पाळी दिवसाची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक मांडीवर असताना ठिपका हिरवा झाला. दिव्यानीने लगेच फोन लावला.

"बाई, मोटार चालू झाली."

"हो." पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. "पानी कुठवर गेलं असंन?"

ते ॲपमध्ये नव्हतं. कोणती बांधी भरली, कुठे धुरा फुटला, कुठे खेकड्याने भोक पाडलं, हे सांगणारा ठिपका कुणी केलेला नव्हता. "ते नाही समजत, बाई."

"मंग पाहाले जाच लागते."

"उन्हं चांगली वर येऊ द्या. आणि एकट्या जाऊ नका, बाई. कुणाला तरी संगं घ्या."

"कोनाले घेऊ?" गोकुळा म्हणाली. रागाने नव्हे, खरंच विचारल्यासारखं. फावडं उचलल्याचा आवाज आला. "फोन चालूच ठेव तू. जाऊन येतो."

दिव्यानीने फोन कानाशी धरला. पोरगी पदर ओढत होती. पलीकडे पावलं वाजू लागली, वाळल्या पानांवर, एकटीची.