एक ओळ खोडण्यासाठी

एका माणसाचा स्वयंपाक किती करायचा, हे ताईंना आठ महिने झाले तरी जमत नव्हतं. त्या दिवशीही दुपारी उरलेलं झाकून ठेवत होत्या, तेवढ्यात थोरला भाऊ जिना चढून आला. त्याच्या हातात पाकीट होतं.

चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत ताई एकोणीस वर्षं बसल्या होत्या. पुढे नवरा गिऱ्हाईक बघायचा, मागे या नंबराप्रमाणे काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. गिऱ्हाइकं त्यांना ताई म्हणत, तेच नाव चिकटलं. मग एका सकाळी नवरा म्हणाला, आता आपलं जमायचं नाही. दुकान त्याच्या नावावर, घरही त्याच्याच. मूलबाळ नव्हतं. ताई दोन बॅगा घेऊन या भाड्याच्या खोलीत आल्या. आठवडाभरात भाजीवाल्याशी बोलणं व्हायचं तेवढंच.

"आज त्याच्याकडे जाऊन आलो," दादा म्हणाला. "पोटगी एकरकमी द्यायला तयार झालाय. रक्कम बरी आहे. सही करून टाक."

ताईंनी पाकिटातला कागद वाचला. रक्कम खरंच मोठी वाटली. एवढे पैसे त्यांनी कधी हातात धरले नव्हते.

"बरी आहे म्हणजे, योग्य आहे का रे?"

"योग्य-अयोग्य कोण ठरवणार? कोर्टात चपला झिजतील. आणि लोक मला विचारतात, तुझी बहीण कशाला अडून बसलीय. माझीही मुलं लग्नाची आहेत." तो दाराकडे वळला. "उद्या पैसे संपले, तर माझ्याकडेही जागा नाही. आधीच सांगितलेलं बरं."

चहा न घेताच तो गेला. ताईंनी पेन हातात घेतलं. सही केली की दादा पुन्हा येईल, सणासमारंभाला बोलावेल, एवढंच त्यांना दिसत होतं. पण एका ओळीपाशी त्या अडल्या. 'पत्नी गृहिणी असून पतीच्या व्यवसायात तिचा कधीही सहभाग नव्हता.' ती ओळ त्यांनी तीनदा वाचली आणि पेनला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी त्या एका वकीलबाईंकडे गेल्या. बाईंनी कागद वाचून बाजूला ठेवला.

"तुमचं वय?"

"अठ्ठेचाळीस."

"भाडं, खाणं, औषधं धरून हे पैसे किती वर्षं पुरतील?"

ताईंनी मनात हिशेब केला. "सहा. फार तर सात."

"आणि पुढे आजारी पडलात, तरी काही मागता येणार नाही असं यात लिहिलंय. रक्कम नुसती बघून कळत नाही, ताई. ती कशातून काढली ते बघायचं असतं. दुकानाचं उत्पन्न कुठेच दाखवलेलं नाही. तुमच्या कामाचा काही पुरावा?"

"पुरावा कसला? घरचंच काम."

"कुठे काही लिहीत होतात?"

ताईंना वह्या आठवल्या. गिऱ्हाइकाचं नाव, डोळ्यांचे नंबर, काच कधी तयार झाली, सगळं त्यांच्याच अक्षरात. घर सोडताना कपड्यांबरोबर बॅगेच्या तळाशी चार वह्या आल्या होत्या.

तडजोडीच्या बैठकीत नवरा समोर बसला. त्याच्या शेजारी त्याचा वकील आणि, ताईंना वाटलं नव्हतं, पण दादाही त्याच बाजूला. वकीलबाईंनी वह्या टेबलावर ठेवल्यावर तो वकील हसला. "नवऱ्याला थोडीफार मदत कुठली बायको करत नाही?"

ताईंनी नवऱ्याला विचारलं, "काचा आता कोण बसवतं?"

"ठेवलाय माणूस."

"एकच?"

तो खिडकीकडे बघू लागला. "दोन आहेत."

"फुकट करतात?"

ताईंनी कागद त्याच्याकडे सरकवला. "यावर मी सही करणार नाही. दुकानाचे हिशेब दाखवा, मग बोलू. आणि ही ओळ आधी खोडा."

दादा खुर्ची मागे ढकलून उठला. "माझ्या दृष्टीने हा विषय संपला," म्हणाला आणि बहिणीकडे न बघता बाहेर पडला.

विषय संपायला पुढे चौदा महिने लागले. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने आधी दरमहा काही रक्कम ठरवून दिली, मग हिशेब मागवले. शेवटी मिळालं ते पहिल्या रकमेच्या अडीचपट होतं, आणि ती ओळ गेली. मागितलं होतं त्यापेक्षा ते कमीच, पण वकीलबाईंच्या मते न्यायाच्या जवळपास. निकालाच्या दिवशी ताई कोर्टाच्या पायऱ्यांवर फोन हातात धरून उभ्या राहिल्या. सांगायला कुणी नव्हतं. दादाने चौदा महिन्यांत एकदाही फोन केला नव्हता. त्या चालत घरी आल्या आणि कपडे वाळत घातले.

पंधरा-वीस दिवसांनी भर दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. दादाची बायको बोलत होती. ती दादाच्या शिवणकामाच्या कारखान्यात पहाटेपासून कापड कापते, हे ताईंना माहीत होतं. आजवर त्यांनाही ते घरचंच काम वाटत आलं होतं.

"शेजारणीच्या फोनवरून बोलतेय, ताई. यांना सांगू नका."

"नाही सांगत. काय झालं, वहिनी?"

"काही नाही. सहजच." मग तिने आवाज खाली आणला. "वह्या कसल्या ठेवल्या होत्या तुम्ही? त्यात काय काय लिहायचं असतं?"

ताई खाली बसल्या, आणि सावकाश सांगू लागल्या.