जास्वंदीचा कौल

जास्वंदीच्या कळीखाली, देठाच्या बगलेत, कापसाच्या तंतूएवढं पांढरं काहीतरी चिकटलं होतं. एक काळी मुंगी तिथं आली, मिशांनी तिनं ते हलकेच थोपटलं, त्यातून निघालेला थेंब प्याली आणि आल्या वाटेनं उतरली. मनकर्णानं कळीला बोट लावलं. कळी न उमलताच हातात आली.

मनकर्णा ही नगरच्या कोर्टातले कारकून आप्पासाहेब यांची एकुलती मुलगी. मॅट्रिक होऊन वर्षभर घरी होती. तिच्या शाळेतल्या लिडियाबाईंनी पुण्याच्या कॉलेजात तिच्यासाठी शब्द टाकला होता. नेवाशाहून एका बागाईतदाराचं स्थळही आलं होतं. आप्पासाहेबांना कुणालाच नाही म्हणवत नसे, आणि हो म्हणायला जीभ उचलत नसे. म्हणून त्यांनी प्रकरण गणपतीकडे वर्ग केलं होतं.

दर संकष्टीला ते मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली जास्वंद लावत. उजवी आधी पडली तर पुणं, डावी पडली तर नेवासं. माघात उजवी पडली, तेव्हा दारातून झुळूक आली म्हणून पुन्हा विचारायचं ठरलं. फाल्गुनात डावी पडली. एकास एक झालं, म्हणून निकाल राखून ठेवला. चैत्रात दोन्ही फुलं जागची हललीच नाहीत.

"कोर्टात तारखा पाडून पाडून देवालाबी तीच सवय लावली तुमी," मनकर्णाची आई राहीबाई म्हणाली होती.

आता वैशाखातली संकष्टी उद्यावर आली होती, आणि झाडावर एक फूल नव्हतं.

"मुंग्यांनी खाल्लं सगळं," आप्पासाहेब म्हणाले.

"मुंग्या नाही, आप्पा. रस हे पांढरे किडे पितात. मुंग्या त्यांना राखतात, गुराख्यानं गुरं राखावीत तशा."

"पण एवढ्या मुंग्या आल्या कुठून?"

मनकर्णानं बुंध्याकडे पाहिलं. रोजच्या अभिषेकाचं पंचामृत पायदळी जाऊ नये म्हणून आप्पासाहेब ते स्वतःच्या हातानं तिथंच ओतत.

"तुम्हीच बोलावल्यात."

"अगं बाई!" राहीबाई म्हणाली. "रेशनची साखर ती! आमी गुळाचा च्या पितोय, आन् हितं मुंग्यांची पंगत!"

"तंबाखूचं पाणी मारू?" मनकर्णानं विचारलं.

"देवाच्या झाडाला तंबाखू?"

"मग शेजारच्या रंगुबाईंकडून दोन फुलं आणते."

"दुसऱ्याच्या झाडाचा कौल दुसऱ्यालाच लागतो." हा कायदा आजवर कुणी ऐकला नव्हता; पण आप्पासाहेबांनी तो कलम वाचून दाखवावं तसा सांगितला.

"मग झाड खालपर्यंत छाटावं लागेल. जास्वंदीला फूल नव्या फुटीवरच येतं."

"ते कधी येणार?"

"पावसाळ्यात."

"तवर कालेज बी उघडंल आन् नेवासकर बी दुसरी पोरगी बघतील," राहीबाई म्हणाली.

"विचार करू," आप्पासाहेब म्हणाले आणि टोपी घालून कोर्टात गेले.

मनकर्णा कळ्या चाचपत राहिली. शेंड्याच्या कळ्या गेल्याच होत्या. आता कीड मोठ्या फांद्यांवर उतरत होती. दुपारी तिनं कोयता घेतला.

संध्याकाळी आप्पासाहेब परतले तेव्हा अंगणात गुडघाभर खुंट उरले होते आणि कोपऱ्यात फांद्या जळत होत्या. मनकर्णा हात धूत उभी होती. बाप रागाच्या भरात नेवासं म्हणून मोकळा होईल, या धास्तीनं तिनं तेच हात पुन्हा धुतले.

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं, तर तुम्ही उद्याच्या संकष्टीपर्यंत थांबला असतात. मग पुढच्या महिन्यातल्या. तोवर झाड गेलं असतं."

आप्पासाहेब देवघरात गेले. गणपतीचे दोन्ही खांदे त्यांनी पंच्यानं पुसले. ते कोरडेच होते.

"आता काय लावून इचारायचं?" राहीबाईनं दारातून टोला दिला. "तोंड हाय की देवानं दिलेलं."

ते बाहेर आले आणि खुंटांपाशी उकिडवे बसले.

"वाचेल का गं?"

"मुळं चांगली आहेत. पण बुंध्याशी गोड काही पडता कामा नये. आणि नवी फूट आली की रोज पानं उलटून बघायला हवीत."

आप्पासाहेबांनी एका खुंटावरनं बोट फिरवलं.

"कशी बघायची, ते मला नीट दाखवून ठेव," ते म्हणाले. "तू पुण्याला गेलीस की मलाच बघावं लागणार."