पोन्नव्वाची गाठ

मी एक जुना पत्ताक आहे. माझा फणा डावीकडे वाकडा आहे, कडेला दाताची खूण आहे आणि माझ्या माळेला आकड्याऐवजी दोऱ्याची गाठ आहे. मागच्याच महिन्यात विराजपेटेतल्या एका दुकानदाराने मला भिंगाखाली धरले आणि म्हणाला, "फणा सरळ करून देतो, हा खड्डा बुजवतो, दोरा काढून छान साखळी घालतो." जणू मी कल्हईला आलेले पातेले होतो. मित्रांनो, मी वाकडा आहे आणि वाकडाच राहणार आहे. का, ते ऐका.

तुमच्या कानाला माझे नाव पताकेसारखे वाटेल. वाटू द्या, मला ते आवडते. आम्ही कोडगूचे, म्हणजे कूर्गचे, म्हणून तुम्ही आम्हाला कोडगे म्हणालात तरी मी रागावणार नाही. माझ्या मधोमध इंग्रजांच्या राणीचे सोन्याचे नाणे आहे, भोवती लाल खडे आहेत आणि डोक्यावर नागाचा फणा आहे. लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात मी असतो. तुमच्याकडे मंगळसूत्र नवरा बांधतो. आमच्याकडे नवरा मला हातही लावत नाही. मुलीची आई मला मुलीच्या गळ्यात बांधते, आणि तेही नवरदेव दारात येण्याआधी. एवढी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे भांडण हिच्यावरूनच झाले.

माझा जन्म पोन्नव्वाच्या दोन कड्यांमधून झाला. पोन्नव्वा बाळेले गावची. लेकीचे लग्न ठरले तेव्हा तिने हातातली कडी उतरवली आणि सोनाराच्या समोर मांडी ठोकून बसली. सोने वितळून होईपर्यंत ती पाणी प्यायलाही उठली नाही. तिचा सोनारावर विश्वास नव्हता आणि ते तिने त्याला तोंडावर सांगितले होते. त्या धास्तीनेच की काय, फणा जोडताना त्याचा हात हलला आणि फणा डावीकडे कलला. आमच्याकडे आईला आणि आईच्या वयाच्या बाईला अव्वा म्हणतात. तो बिचारा म्हणाला, "अव्वा, परत वितळवून करतो."

"राहू दे," पोन्नव्वा म्हणाली. "माझी पोरही जराशी वाकडीच आहे. दोघांचं जमेल."

मग तिने राणीचे तोंड आतल्या बाजूला करून नाणे बसवायला लावले. "तिनं माझ्या लेकीचं काळीज ऐकत बसावं. लोकांची तोंडं बघून काय करायचंय तिला?" सोनार माळेला आकडा लावायला निघाला तर त्यालाही तिने नकार दिला. आकडा कोणीही काढतो, म्हणाली. गाठ ज्याने घातली त्यालाच सापडते.

लग्नाच्या दिवशी सकाळी तिने मला देचम्माच्या गळ्यात बांधले. सगळे तिला देच्ची म्हणत. बांधताना पोन्नव्वाची मनगटे माझ्यासमोर होती. ती उघडी होती आणि दोन्हींवर कड्यांचे फिकट वळ होते. ते वळ मी अजून विसरलो नाही.

देच्ची मला मखमलीत ठेवणारी बाई नव्हती. भाताची लावणी असो की कॉफीची तोडणी, मी तिच्याबरोबर असायचोच. ती वाकली की मी लोंबायचो आणि टोपलीवर आपटायचो, म्हणून ती मला दातात धरून काम करायची. तिला मुलगी झाली तेव्हा कळा सोसताना तिने मला इतके करकचून चावले की कडेला दात उमटला. दुकानदार ज्याला खड्डा म्हणतो ना, तो हा. आमच्याकडे मुलगा झाला की बंदुकीचा एक बार काढतात. देच्चीचा नवरा बेळ्ळियप्पा याने मुलगी झाल्यावरही बार काढला. शेजारी धावत आले, "मुलगा?" तो म्हणाला, "मुलगी आहे. बंदुकीला काय कळतंय?" त्या मुलीचे नाव तंगम्मा.

पुत्तरीच्या सणाला नवे भात घरी यायचे तेव्हा देच्ची मला रिठ्याच्या पाण्याने धुवायची. बायका चिडवायच्या, "देच्ची, तुझा नाग कोणाकडे बघून मान वाकडी करतोय?" ती म्हणायची, "तुमच्याकडे. जपून राहा." अशी चौदा वर्षे गेली. मी सुखात होतो आणि सुखात असलो की मी जरा गर्विष्ठ होतो, हेही कबूल करतो.

मग एका दुपारी मिरी काढताना बेळ्ळियप्पाची शिडी सरकली. आमच्याकडे मृत्यूची वर्दी दोन बारांनी देतात. ज्या बंदुकीने तंगम्माची बातमी गावाला सांगितली होती, तिनेच तिच्या बापाचीही सांगितली. देच्ची रडली नाही. तिने मला मुठीत धरले ते संध्याकाळपर्यंत सोडले नाही.

अकराव्या दिवशी सगळे नातलग जमले. त्या घरात बेळ्ळियप्पाची थोरली आत्या राहायची. तिचे नाव मुत्तव्वा, पण घरातली माणसे तिला मावी म्हणत. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती आणि घरातली रीतभात तिच्याच हातात होती. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "देच्ची, पत्ताक काढून दे."

"कोणाला?"

"मला. पेटीत ठेवीन. घरच्या पुढच्या सुनेला होईल."

"मावी, हा या घरचा नाही. माझ्या अव्वेच्या हातातली कडी आहेत ही."

"सोनं कोणाचं का असेना. नवरा गेला की उतरवायचा. मी बावीस वर्षांची होते तेव्हा माझा उतरवला. मला कोणी विचारलं होतं?"

"तुम्हाला विचारायला हवं होतं, मावी," देच्ची म्हणाली. "हा नवऱ्यानं बांधला असता तर नवऱ्याबरोबर गेला असता. माझ्या अव्वेनं बांधलाय. माझी अव्वा जिवंत आहे."

मावीने पुढे होऊन तिच्या मानेमागे हात घातला. बोटांनी आकडा चाचपला. मिळाला नाही. गाठ मिळाली, पण ती चौदा वर्षांच्या घामाने दगडासारखी झाली होती. मित्रांनो, तेव्हा मी मनातल्या मनात जो काही हसलो. पण माझे हसू फार टिकले नाही. घरातले थोरले आजोबा कोपऱ्यातून म्हणाले, "ओढाताण नको. बांधणाऱ्यानं सोडावा, हे बरोबर आहे. पोन्नव्वाला बोलवा."

मावी लगेच शांत झाली. देच्चीचा चेहरा मात्र उतरला. पोन्नव्वा रीतीला किती पक्की आहे हे सगळ्या गावांना ठाऊक होते. तिने आयुष्यात एक सण चुकवला नव्हता की एक रीत मोडली नव्हती. ती येणार आणि मला सोडणार, यात कोणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोन्नव्वा आली. जीपमधून उतरून चढ चढताना तिला धाप लागली होती. ती थेट लेकीच्या मागे जाऊन बसली. देच्ची हळूच म्हणाली, "अव्वा, नको ना." पोन्नव्वाने तिच्या मानेमागे हात घातला. तिच्या नखांना गाठीचे टोक बरोबर सापडले आणि मी सुटलो. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझी पाठ उघडी पडली आणि मला थंडी वाजली. देच्चीने डोळे मिटून घेतले होते. मावीने पेटी उघडून पुढे केली.

"थांब जरा," पोन्नव्वा म्हणाली. "दोरा कुजलाय."

तिने ओच्यातून काळ्या दोऱ्याचे रीळ काढले, मेणाचा तुकडा काढला आणि दोऱ्याला मेण लावत बसली. मग जुन्या दोऱ्यावरचे मणी एकेक करून नव्यात ओवायला लागली. एक काळा, एक सोन्याचा. तिला नीट दिसत नव्हते, म्हणून प्रत्येक मण्याला वेळ लागत होता. तीस-चाळीस माणसे बसून ते बघत होती. शेवटी मावीला राहवले नाही.

"पोन्नव्वा, हे काय चाललंय?"

"बांधणाऱ्यानं सोडावा म्हणालात. सोडला. आता बांधणारीच बांधतेय. यात कुठली रीत मोडली ते सांगा, म्हणजे मी थांबते."

मावीने थोरल्या आजोबांकडे पाहिले. आजोबांनी विडा तोंडात टाकला, म्हणजे त्यांना बोलायचे नव्हते. पोन्नव्वाने मला पुन्हा लेकीच्या गळ्यात घातले आणि मानेमागे गाठ मारली. एकावर एक, तीन वेळा. पण दोरा भलताच लांब होता. मी थेट देच्चीच्या पोटापर्यंत आलो.

"एवढा लांब?" मावी म्हणाली. "बैलाचा कासरा आहे का?"

"मी म्हातारी झाले," पोन्नव्वा म्हणाली. "परत परत यायला मला नाही जमायचं."

तिच्या बोलण्याचा अर्थ तेव्हा कोणालाच कळला नाही. मलाही नाही. ती चहासुद्धा न घेता निघाली आणि तिसऱ्या वर्षी वारली.

त्यानंतरची वर्षे कठीण होती. लग्नाकार्यात देच्ची आशीर्वादाला पुढे झाली की मावी तिला स्वयंपाकघरात धाडायची. पांढऱ्या साडीवर मला बघून बायका माना वळवायच्या. पूर्वी ज्या कौतुक करायच्या, त्याच. लांब दोऱ्यामुळे पदराखाली लपणेही मला जमत नव्हते. देच्चीने मला लपवण्याचा प्रयत्नही केला नाही. कोणी टक लावून बघितले की ती फणा दोन बोटांत धरून जरा वर करायची, म्हणजे त्यांना नीट दिसावा. मीही छाती काढून असायचो.

तंगम्माचे लग्न ठरले. देच्चीने ठरवले की मुलीच्या गळ्यात मलाच बांधायचे. लग्नाच्या सकाळी तंगम्मा लाल साडी नेसून दिव्याखाली बसली. बायका भोवती जमल्या. मावी तेव्हा ऐंशीच्या घरात होती, खुर्चीतून उठता येत नव्हते, पण तिची जीभ शाबूत होती.

"देच्ची, हा आता सोडणार कोण? बांधणाऱ्यानं सोडावा. तेव्हा असंच ठरलं होतं. मग बोलव तुझ्या अव्वेला."

मावीचे म्हणणे खरे होते. ज्या गोष्टीने मला वाचवले होते, तीच आता आडवी आली होती. देच्चीचा हात मानेमागे गेला आणि गाठीला लागून परत आला. तिला ती सोडवत नव्हती. तंगम्माने आईचा हात धरला.

"अव्वा, राहू दे. मला काळ्या दोऱ्यात दोन मणी बांध. मला चालतील. हा तुझ्याकडेच राहू दे."

"तुला चालतील, मला नाही," देच्ची म्हणाली आणि रागाने तिने मला मुठीत धरून वर ओढले. तेव्हा तिला कळले. दोरा तिच्या हनुवटीवरून वर आला, नाकावरून वर आला. ती तशीच थांबली. मग ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने डोक्याचा रुमाल काढला आणि मला डोक्यावरून अलगद बाहेर काढले. गाठ जशीच्या तशी होती. पोन्नव्वाला परत यायची गरजच नव्हती. तिने ते अकरा वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते. देच्चीने मला तंगम्माच्या डोक्यावरून खाली सोडले, केसातल्या फुलांना घासत मी तिच्या गळ्यात उतरलो आणि राणीला एक नवे काळीज ऐकू आले.

"बांधला नाहीस तू," मावी म्हणाली.

"बांधलेलाच आहे, मावी. माझ्या अव्वेनं."

मावीने तंगम्माला जवळ बोलावले. सगळ्यांना वाटले आता काहीतरी टोचून बोलेल. तिने तंगम्माच्या मानेमागची गाठ चाचपली, आणि बराच वेळ ती तिथेच बोटे ठेवून बसली. तिचा स्वतःचा पत्ताक साठ वर्षांपूर्वी कोणत्या पेटीत गेला, हे तिलाही ठाऊक नव्हते. "लांब दोरा," ती पुटपुटली. "मला तेव्हाच कळायला हवं होतं." मग तिने मूठभर तांदूळ घेतले आणि देच्चीच्या हातात दिले. "तू आई आहेस. पहिले तू टाक. मी मागून टाकते."

मित्रांनो, आता मी तंगम्माकडे आहे. पोन्नव्वाचा दोरा विरत चालला, तेव्हा तिने त्याच्या जोडीला नवा दोरा ओवला, पण जुना काढला नाही. तुमच्या घरातही असा एखादा दागिना असेल, काळवंडलेला, पोचे पडलेला. तो केवढ्याचा, हे विचारू नका. कोणी बांधला, ते विचारा. त्याला डबीत कोंडू नका, नवा करायच्या नादात त्याच्या अंगावरच्या खुणा पुसू नका. त्या खुणा म्हणजेच तो.

विराजपेटेच्या त्या दुकानदाराने बोलता बोलता दोरा कापायला कात्री उचलली होती. तंगम्माने टेबलावर हात टेकला. "काका, ती गाठ माझ्या आज्जीची आहे," ती म्हणाली. "कात्री खाली ठेवा."

त्याने ठेवली.