कार्बनवरचा अंगठा

मी एक जुना टाइपरायटर आहे, मित्रांनो. धारूरच्या बाजारगल्लीत अर्जुनराव वकिलांच्या टेबलावर माझी उभी हयात गेली. वकीलसाहेबांचं काम निवडणुकांच्या कायद्याचं. सोसायटी असो, साखर कारखाना असो, उमेदवार आधी आमच्याकडे यायचे. "वकीलसाहेबांचा अर्ज बाद होत न्हाई," म्हणायचे. मी फुगून जायचो. अर्ज टाइप कोण करत होतं? मीच की!

बहात्तरचा दुष्काळ आला. एका दुपारी भामाबाई आली. खडी फोडायच्या कामावरून थेट आलेली, अंगावर पांढरी धूळ. नवरा म्हाळू मेंढरांचा मोठा कळप घेऊन चाऱ्यासाठी गोदाकाठी गेला होता. इकडे सोसायटीच्या मतदार यादीतून भामाबाईचं नाव उडवलं होतं. शेरा होता, 'गावात राहत नाही'.

"मी कुठं गेलते, साहेब? हितंच खडी फोडतेय. यादीत न्हाई त्याला सोसायटीचा चारा न्हाई म्हणत्यात. घरी बारा मेंढरं हायत, मरतील की वो!"

हरकतीचा अर्ज द्यायची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. साडेचार वाजले होते. साहेब टाइप करू लागले आणि माझी लाजच गेली. उन्हानं माझी फीत पार वाळली होती. अक्षरं उमटेनात! नवी फीत धारूरात कुठं मिळायची?

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन सुंदरराव आत आले, आमचे जुने पक्षकार.

"वकीलसाहेब, एका बाईसाठी आमच्याशी वाकडं घेता? कावून?"

"बाई गावात आहे, सुंदरराव. नाव यादीत पाहिजे."

साहेबांनी तसाच अर्ज शेवटपर्यंत टाइप केला आणि कागद काढले. वरचा कागद जवळजवळ कोराच होता. पण कार्बन कागदाखालच्या प्रतीवर अक्षरं काळीभोर उठली होती. त्यांनी तिच्यावरच भामाबाईचा अंगठा घेतला, वर 'मूळ प्रत' लिहिलं आणि दोघं कचेरीकडे पळाले. पाचला सात मिनिटं असताना शिक्का पडला. पुढं नाव लागलं, चारा मिळाला.

सुंदरराव मात्र पुन्हा आले नाहीत. त्यांच्यामागं बाकीचे पुढारीही यायचे थांबले. माझ्यावर धूळ साचली. खोटं कशाला बोलू, मला साहेबांचा लई राग आला.

मतदानाच्या दिवशी भामाबाई दारात उभी राहिली.

"साहेब, मत टाकून आले. तिथल्या मास्तरनं भरल्या खोलीत मोठ्यानं पुकारलं, भामाबाई म्हाळू देवकते! लग्न झाल्यापासून माझं नाव असं कुणी घेतलंच न्हवतं."

ती हसता हसता रडली. माझा राग तिथंच गेला.

मित्रांनो, आता मी माळ्यावर आहे. मला तेल घातलं नाही तरी चालेल. पण भिंतीवर यादी लागली की जाऊन वाचा. आपलं नाव सापडलं म्हणून लगेच घरी पळू नका. शेजारी ज्यांना वाचता येत नाही, त्यांचंही नाव शोधा.